उत्तराची वाट

धनंजयच्या त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं आहे की आता त्यातून काही टोचत नाही, पाढ्यासारखं ते आपोआप म्हटलं जातं. पत्र लहान होतं. निळसर कागद, त्याचं उजवीकडे पडत गेलेलं अक्षर. वर तारीख, पण खुशाली नाही. ‘वासंती गेल्या महिन्यात गेली. फार त्रास झाला नाही.’ मग एक ओळ मोकळी सोडलेली. आणि मग एकदम: ‘मी अजून वरच्या ठिकाणी बदली मागून घेतली आहे. मास्तर, सांग बरं, ट्रॉम्सो ते लाँगइयरब्यन किती मैल, आणि विमानाला किती वेळ? उत्तराची वाट पाहतो.’ बस. खाली सही. ट्रॉम्सो नॉर्वेच्या उत्तर टोकाशी आहे आणि लाँगइयरब्यन त्याच्याही वर, नकाशाच्या कडेला टेकलेल्या बर्फाच्या बेटांवर. दोन्हीकडे विमानतळ आहेत. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मैल मात्र माहीत नव्हते, आणि त्या मोकळ्या ओळीचं काय करायचं तेही माहीत नव्हतं. मी पत्र घडी घालून शब्दकोशात ठेवलं. शब्दकोश माझ्याबरोबर मस्कतच्या रुवी भागातून पुण्याला गेला, पुण्याहून पुन्हा इथे मस्कतजवळ अल हैलला मुलाच्या घरी आला, आणि पत्र त्याच्याबरोबर हिंडत राहिलं.

परवा संध्याकाळी मी बाल्कनीत चहा घेत बसलो होतो. माझ्या मुलाने, सलीलने, त्याचा जुना फोन नातीला, सईला दिला आहे, त्यामुळे घरात सध्या दुसरा विषय नाही. ती सातवीत आहे. माझ्याशी ती मराठीतच बोलते, पण पाण्यात पाय घालून बघावं तशी, जपून.

“आजोबा, काहीपण विचारा. एनी टू प्लेसेस. हा डिस्टन्स सांगतो, फ्लाइट टाइम सांगतो, सगळं सांगतो.”

“अगं, त्यांना कसलं चॅलेंज देतेस?” तेजश्री स्वयंपाकघरातून म्हणाली. माझी सून मला असं अधूनमधून मोठं करते आणि मी ओशाळतो. “जन्मभर हेच केलंय त्यांनी. तुझ्या फोनला हरवतील.”

मी मस्कत ते पुणे म्हणणार होतो. खरंच तेच म्हणणार होतो. तोंडातून निघालं ते दुसरंच.

“काय? स्पेल करा.”

मी स्पेलिंग सांगितलं. दोन्ही नावांचं, एकेक अक्षर, न अडखळता. सईने वर पाहिलं. “तुम्ही गेला होता तिथे?”

“नाही.”

तिने बोट फिरवलं. “अराउंड नाइन सिक्स्टी किलोमीटर्स. वन अवर फॉर्टी मिनिट्स. नेक्स्ट?”

मी कपाकडे पाहत राहिलो. चहावर साय धरत होती. जिना चढताना हात कठड्यावर असावा आणि कुणीतरी तो कठडाच काढून न्यावा तसं झालं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की उत्तर सापडलं की पत्र लिहायचं. आता ते सापडलं होतं. एका मुलीने ते जिभेवरून सहज टाकून दिलं होतं आणि ती पुढचं मागत होती. “नेक्स्ट, आजोबा?” मी म्हणालो, “पुरे आता, डोळे दुखतील.” कुणाचे ते मी सांगितलं नाही.

रुवीत मी विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात होतो. काउंटरवर मला कुणी बसवलं नाही, कारण गिऱ्हाईक समोर आलं की माझा आवाज जायचा. मला मागच्या खोलीत टेबल दिलं होतं आणि टेबलावर मैलांचं पुस्तक. जगातल्या गावांच्या जोड्या, बायबलसारख्या पातळ कागदावर, बारीक छापलेल्या, आणि प्रत्येक जोडीपुढे मैल. भाडं मैलांवर ठरायचं. मी बेरजा करायचो, तिकीट हाताने लिहायचो, आणि मागच्या लाल कार्बनने बोटं रंगायची. कुठेही न जाता मला सगळीकडची अंतरं येत होती. याचा तेव्हा थोडा अभिमानही होता. आता वाटतं, लाजऱ्या माणसाला याहून सोयीची नोकरी मिळाली नसती.

धनंजय मिरजेचा. विमानतळावरची, विमानांना दिशा दाखवणारी यंत्रं दुरुस्त करायचा. त्याची नेमणूक खसबला होती, ओमानच्या उत्तर टोकाला, जिथे उघड्या डोंगरांच्या मध्ये एक धावपट्टी आणि बाहेर बकऱ्या. सुट्टीला तो लहान विमानाने मस्कतला यायचा आणि माझ्या खोलीवर उतरायचा. पैसे पाठवायच्या एका दुकानाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर, माझी खोली. दोन लोखंडी खाटा, एक स्टोव्ह, खिडकीत बसवलेला एसी. शुक्रवारी दुपारी रुवीत रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आम्ही वरणभात खाऊन आडवे व्हायचो, आणि मग तो सुरू करायचा.

“मास्तर, राज्य तुझ्यावर. नैरोबी ते ऑस्लो.”

अंतरं पाठ म्हणून त्याने मला मास्तर केलं होतं. मी मैल सांगायचो, तास सांगायचो, कुठे उतरावं लागेल ते सांगायचो. तो डोळे मिटून घ्यायचा. एसीचा कॉम्प्रेसर धडधडून सुरू झाला की म्हणायचा, “सुटलं.” खाटेची कड थरथरायची. खरंच थरथरायची. आम्ही दोघं छताकडे तोंड करून उडत असायचो, आणि कॉम्प्रेसर बंद पडला की तो म्हणायचा, “उतरलो. थंडी आहे रे इथं.” उत्तर बरोबर आलं की राज्य त्याच्यावर. मग मी दोन गावं सांगायचो आणि तो इतकं चुकायचा की हसून पोट दुखायचं. लीमा त्याने एकदा आफ्रिकेत ठेवलं होतं. मला वाटतं तो मुद्दाम चुकायचा, म्हणजे राज्य त्याच्याकडेच राहून मला हसायला मिळेल. तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं.

एका हिवाळ्यात वासंतीवहिनी आल्या. खसबला बिऱ्हाडाची सोय होईपर्यंत धनंजयने आमच्याच इमारतीत खालची खोली घेतली होती. त्या कुडाळच्या, मी वेंगुर्ल्याचा, त्यामुळे माझ्याशी त्या मालवणी बोलायच्या आणि धनंजयला ते फार काही कळायचं नाही. शुक्रवारच्या खेळात त्या उपड्या खोक्यावर बसायच्या, कोकम सरबताचे ग्लास ताटलीत घेऊन दोन खाटांच्या मधून फिरायच्या. “पट्टे बांधा मरे भावजीनू, सांडलां तर माका दोष देव नकात.” एकदा त्या म्हणाल्या, “आता माझी पाळी. रुवी ते कुडाळ.”

मी पुस्तक न उघडताच म्हणालो, “कुडाळाक विमानतळ नाय, वहिनी.”

“विमानतळ नाय, पण अंतर आसा मा?”

“पुस्तकात नाय.”

“मगे तुमचां ता पुस्तक काय कामाचां?” आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की धनंजय उठून बसला आणि विचारू लागला, काय म्हणाली, काय म्हणाली ती. मी गोव्याचं अंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, गोवा गोव्याचो. राज्य माझ्यावरच राहिलं. पुढे ते दोघं खसबला गेले, काही वर्षांनी धनंजयला नॉर्वेत, ट्रॉम्सोच्या विमानतळावर काम मिळालं आणि ते तिकडे गेले. दर दिवाळीला कार्ड यायचं, खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ: ‘भावजींनी कुडाळ शोधलं का?’ मी कार्डाला कार्ड पाठवायचो. कार्डावर फारसं लिहावं लागत नाही.

मग ते पत्र आलं. मला आठवतं, मी ते ऑफिसात उभ्यानेच वाचलं आणि पहिली गोष्ट केली ती ही की मैलांचं पुस्तक उघडलं. ती जोडी त्यात नव्हती. आमच्याकडची आवृत्ती जुनी होती. दुबईच्या ऑफिसला फोन केला असता तर कळलं असतं, पण फोनवर अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की माझ्या हाताला घाम यायचा. उद्या करू म्हटलं. त्या रात्री पत्रातल्या वरच्या ओळीला उत्तर म्हणून कागद घेतला. ‘वहिनींच्या दुःखद निधनाची वार्ता वाचून मन सुन्न झाले.’ वाचलं आणि फाडलं. आयुष्यभर पुस्तकं वाचली, कपाटं भरली, आणि हातून निघालं ते वर्तमानपत्रातल्या चौकटीतलं वाक्य. दुसरं लिहिलं, ते त्याहून वाईट. तेव्हा ठरवलं की आधी मैल शोधू, मैल लिहिता लिहिता बाकीचं सुचेल. मैल मिळाले नाहीत. मग उशीर झाला, मग उशिराची कारणं द्यावी लागतील असं झालं, मग कारणांनाही उशीर झाला. दिवाळीची कार्डं बंद पडली. त्याच्याकडून आलं नाही, आणि कुणी आधी थांबवलं हे आता सांगता येणार नाही. नाही, येईल. मीच.

सईचं ते ‘नेक्स्ट’ कानात घेऊन मी दुसऱ्या दिवशी शब्दकोश काढला. पत्र पानांमध्ये चपटं झालं होतं, घडीवर शाई उडाली होती. सई शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली. “हे कोणाचं?” मी दिलं. हस्तलिखित मराठी तिने कधी वाचलेलं नव्हतं. बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचू लागली. ‘वासंती गेली’ला थांबून तिने विचारलं, “कुठे?” मी म्हणालो, “वारल्या.” “ओह,” ती म्हणाली, आणि तिने ती मोकळी ओळ बोटानेच ओलांडली. शेवटच्या वाक्याशी ती बराच वेळ अडली.

“उत्तर म्हणजे नॉर्थ ना? उत्तराची वाट पाहतो… ही इज लुकिंग ॲट द रोड ऑफ द नॉर्थ?”

मी हसलो. सांगायला तोंड उघडलं की उत्तर म्हणजे इथे जबाब, वाट पाहणं म्हणजे थांबणं, आणि सांगवेना. सईने केलेला अर्थ मला समोर दिसत होता. पांढऱ्या धावपट्टीच्या कडेला एक मिरजेचा माणूस, कानटोपी घालून, वर जाणाऱ्या वाटेकडे बघत उभा.

“तसंही म्हणता येईल,” मी म्हणालो, आणि धनंजय कोण, कुठे काम करायचा ते तिला सांगितलं.

“पण आजोबा, हे तिथेच राहायचे ना? एअरपोर्टवरच जॉब होता ना यांचा?”

“हो.”

“मग त्यांना माहीत असणार ना डिस्टन्स! रोज ते प्लेन बघत असणार. मग तुम्हाला कशाला विचारलं?”

ती बिस्किट आणायला उठून गेली. फॅन फिरत होता. इतकी वर्षं मी या पत्राशी बसलो, उठलो, त्यातला शब्द न् शब्द मला पाठ, आणि हा एक प्रश्न मला पडला नव्हता. पडूच नये अशी माझी सोय होती बहुतेक. तो विमानतळावर काम करत होता. ज्या विमानाची वेळ त्याने मला विचारली ते त्याच्याच यंत्राकडे बघून उडत असणार.

शालिनी गेली तेव्हाचं मला आठवलं. माझी बायको पुण्यात गेली, सलील इथून येईपर्यंत मी एकटा होतो, आणि माणसं येत होती. सगळी चांगली माणसं. सतरंजीवर बसायची, हात हातात घ्यायची, म्हणायची, सावरा स्वतःला. प्रत्येकाबरोबर मला पुन्हा एकदा तिथे नेऊन बसवायची. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ दारातच उभे राहून म्हणाले, “फार वाईट झालं. बरं, तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं हो?” माझा मेहुणा त्यांच्यावर चिडला होता. मी मात्र त्यांना पाण्याच्या वेळा सांगितल्या. सकाळची वेळ, संध्याकाळची, गुरुवारचा बंद, टाकी भरायला किती लागतं, सगळं. मी इतका वेळ बोलत होतो की ते जरा गांगरले. त्या दिवसांत मी तेवढाच एकदा श्वास घेतला. आणि तरीही मला धनंजयचं पत्र आठवलं नाही. पुस्तकांच्या कपाटात, खालच्या फळीवर, ते तिथेच होतं.

त्याने माझ्यावर राज्य दिलं होतं. वासंती गेली, मास्तर, आणि शुक्रवारची दुपार आहे, दुसऱ्या खाटेवरून काहीतरी बोल. मी पुस्तक उघडून बघत बसलो.

संध्याकाळी मी समुद्रावर गेलो. अल हैलचा किनारा घरापासून जवळ आहे. मी कोकणातला, त्यामुळे समुद्र म्हणजे पश्चिम हे माझ्या हाडात आहे. ओमानला आलो त्या पहिल्या महिन्यात असाच किनाऱ्यावर उभा होतो, सूर्य बुडायची वाट बघत, आणि तो भलतीकडेच, डाव्या हाताला घरांच्या मागे उतरला. मी गोंधळून धनंजयला म्हटलं, “हे काय?” तो वाळूत बसून हसत सुटला. “अरे वेड्या, हा समुद्र उत्तरेला आहे. मिरजेत समुद्र नाही म्हणून मला कळतं.” आजही माझं पाऊल तिथे पडलं की आधी पश्चिमच वाटते, मग मन एकदा गर्रकन फिरतं आणि दिशा जागेवर बसतात. त्या संध्याकाळीही तसंच झालं. मुलं फुटबॉल खेळत होती, एक म्हातारा होडीला टेकून जाळं उकलत होता. पुढे पाणी, पाण्यापलीकडे इराण, त्याच्यावर आणखी देश, आणखी थंडी, आणि मी उत्तरेकडे तोंड करून उभा. तो आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याहून तो दोन-तीन वर्षांनी मोठा. सईला विचारलं असतं तर तिने बोट फिरवून तेही सांगितलं असतं कदाचित. मी विचारलं नाही, आणि विचारू नकोस असं तिला बजावलं.

लिहायला बसलो तेव्हा ‘दुःखद निधन’ हे शब्द पुन्हा आले. सवयीने. मी त्यांना येऊ दिलं आणि बाजूला बसवून ठेवलं. मग लिहिलं:

‘धनंजय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला माहीत आहे, तरी देतो. सहाशे मैल, पावणेदोन तासांच्या आत. पण त्याआधीचं एक राहिलं आहे. रुवी ते कुडाळ. आता तिकडे चिपीला विमानतळ झाला आहे. इथून थेट विमान नाही, पण अंतर आहे. साधारण अकराशे मैल. थेट विमान असतं तर अडीच तास. वहिनींना सांगायचं राहून गेलं. तुला सांगतो. त्या मधून सरबत घेऊन फिरायच्या तेव्हा मी पट्टा बांधत नसे, आणि त्यांना ते कळत असे. इथल्या एसींचा हल्ली आवाज येत नाही, त्यामुळे उडता येत नाही. शालिनीही गेली, तीन वर्षं झाली. आता राज्य तुझ्यावर. खसब ते लाँगइयरब्यन. कुणाला न विचारता.’

वाचून पाहिलं. काही ठिकाणी बरं झालं नव्हतं. ‘त्यांना ते कळत असे’ हे खोटंही असेल. फाडावंसं वाटलं तेवढ्यात सई पत्ता लिहायला पेन घेऊन आली, कारण इंग्रजी अक्षर तिचं चांगलं आहे. ट्रॉम्सोचा जुना पत्ता तिने लिहिला आणि खाली, मी सांगितलं म्हणून, ‘ऑर लाँगइयरब्यन’.

“बाबा, राग नका मानू,” सलील गाडीत म्हणाला. तो रुवीला कामासाठी निघाला होता, पत्र टाकायला निघालेले मी आणि सई मागे बसलो होतो. “पत्ता केवढा जुना आहे. आणि काका आता… म्हणजे, मी तिथल्या ऑफिसला मेल टाकून आधी विचारतो ना. पाच मिनिटांचं काम आहे.”

“नको.”

“अहो पण ते नसतील तर?”

“तर परत येईल.”

“आणि परत आलं तर तुम्हाला…” त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. त्याच्या लहानपणी मी त्याच्याशी असंच करायचो.

रुवीत माझी इमारत आहे अजून. खाली आता मोबाइलचं दुकान. सईला दाखवली. ती म्हणाली, “धिस?” मी म्हणालो, धिस. पोस्टात गर्दी नव्हती. काउंटरवर डोक्यावर नक्षीची टोपी घातलेला ओमानी तरुण होता, छातीवर रशीद असं नाव. माझा आवाज जाणार असं वाटलं, पण गेला नाही.

“किधर भेजना है, बाबा?”

“नॉर्वे.”

“रिसीव्हर का फोन नंबर?”

“नहीं है.”

“नंबर नहीं तो वो लोग कैसे ढूँढेगा?” त्याने पाकीट उलटसुलट केलं. “दो-दो जगह का नाम लिखा है.”

“वहाँ लोग कम हैं. मिल जाएगा.”

“नहीं मिला तो?”

“तो वापस आएगा ना?”

“आएगा, इन्शाल्ला,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराचं त्याला हसू आलं. वजन केलं, तिकिटं लावली, शिक्का दोनदा मारला कारण पहिला पुसट उठला. पाकीट हातात धरून त्याने माझ्याकडे पाहिलं, मी अजून काउंटरवर हात पुढे करून उभा होतो. मग त्याने ते मागच्या टोपलीत टाकलं. बाकीच्या पाकिटांवर ते जरासं घसरलं आणि थांबलं.

“आजोबा,” सईने बाही ओढली, “आता राज्य कोणावर?”

“धनंजयवर,” मी म्हणालो.

“नेक्स्ट,” रशीद म्हणाला, आणि मी बाजूला झालो.